जादा भरते

भोगलूरला वजनमापे निरीक्षकाचं ऑफिस
चर्चमध्ये आहे.
बदली होऊन आलो तेव्हा रिक्षावाल्याला सगळा पत्ता वाचून दाखवला.
तो म्हणाला, गिरजात का? मंग तसं म्हना की.

गावाला दोन वेशी, त्यातली एक पडलेली.
तिचा दगड कुठं गेला हे कुणी विचारत नाही.
आमच्या जोत्यात एक हत्ती आहे, उलटा,
पाय आभाळाकडे, सोंड शेवाळात.
तो यादवांच्या काळी देवळात उभा होता की जैन बस्तीत,
यावर गावात दोन मतं आणि एक कोर्टकज्जा.
पुढं कुण्या किल्लेदारानं त्याला बुरुजात चिणला,
बुरूज तोफेनं गेला,
मग घोडेस्वार पलटणीच्या साहेबांनी बैलगाड्या लावून
त्याच दगडांचं हे उंच छताचं घर बांधलं
आपल्या देवाला.
गवंडी इथलाच.
हत्ती चुकून उलटा बसला की त्यानं बसवला,
हे मजुरीच्या हिशेबात लिहिलेलं नाही.

पलटण मोडली. घोडे गेले, साहेब गेले,
चौघे राहिले मागच्या कबरस्तानात,
त्यातला एक अडीच महिन्यांचा.
तेव्हा मागच्या बाकांवरचे पुढं सरकले:
छपन्न्याच्या दुष्काळात ज्यांना इथं पेज मिळाली
त्यांची पोरं. मांजरेपलीकडून चालत यायची,
चपला हातात, टाळ गळ्यात.

मग लेव्हीची ज्वारी भरली, पायरीपासून खिडकीपर्यंत.
बाक एका थंडीत जळाले;
कुणी जाळले ते अजून
माणूस बघून सांगतात.
पोलीस ॲक्शननंतर सरकी. सरकीनंतर कुलूप.
आणि शेर-छटाक बंद झाले त्या साली
कुलूप काढून सरकारनं एक टेबल ठेवलं,
गावोगावचे शेर, अदपाव, नवटाक
वेदीच्या जागी ढीग लावून रद्द केले.

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात आता
शिसं निवायचं पाणी असतं.
वजनाच्या पोटात शिसं ओतायचं, वर सालाचा शिक्का हाणायचा.
अकरा वर्षं मी तेच करतो.
किराणावाले येतात, सोनार येतात, सुकटवाला खाजाभाई येतो,
आणि खोटं बोलताना सगळेच वर बघतात.
वर पारव्यांशिवाय कुणी नाही.

परवाच्या बाजारी रूथबाई अस्वले आली.
कांदा-लसणाचं दुकान, बसस्टँडच्या भिंतीला.
पिशवीतून दोन किलो काढलं, एक काढलं, अर्धा,
मग पदरातून एक लांबट, काळं,
तळाशी पेरूएवढं फुगलेलं, वर कडी.
"हे पाचाचं."
हे वजन नाही, बाई.
"वजनच हाय. घंटा भंगारात गेली तवा
आज्यानं येवढं काढून ठिवलं. त्योच वाजवायचा.
जीभ हाय तिची."

काट्यावर ठेवली. समोर सरकारी पाच किलो.
सरकारचं पारडं वर गेलं.
चकत्या टाकत गेलो, वीस, पन्नास,
ऐंशी ग्रॅमला काटा थांबला.
"कमी हाय का?"
जास्त.
"मंग?"
तीस वर्षं बसस्टँडच्या गिऱ्हाइकाला
पाच किलोमागं एक कांदा फुकट जात होता.
कायद्यात जास्त हीसुद्धा चूकच, मी म्हणालो,
आणि माझा आवाज छतात जाऊन
थोडा मोठा होऊन परत आला.

जप्त करायला हवी होती.
मी कुंडातल्या पाण्याकडे बघत बसलो,
तोवर तिनं ती पदरात गुंडाळली.
दारातून वळताना चौकटीला लागली.
लाकडावर एकच टोला, बोदा.
पारवे तरी उडाले.

रजिस्टरात रकाने आहेत: नाव, माप, निकाल, कारण.
निकाल: अमान्य.
कारणापाशी पेन बराच वेळ थांबलं.
लिहिलं: जादा भरते.
साहेबांनी न वाचता सही केली.